दादाच्या बातम्या

रेडिओ केंद्राच्या तळघरात कुलूपकाकांचं राज्य. नाव ऑफिसनं ठेवलेलं. साखरेचा डबासुद्धा कुलपात ठेवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? केंद्राची जुनी रेकॉर्डिंग्ज कॉम्प्युटरच्या ज्या पेट्यांमध्ये साठवलेली, त्या काकांनीच बसवून एकमेकींना आणि सगळ्या ऑफिसला जोडल्या होत्या. आता मोडीतही त्यांनीच काढायच्या होत्या.

मोडीत काढणं म्हणजे बटण दाबलं नि मोकळे झालो, असं नसतं हो! कामाचं असेल ते नव्या यंत्रावर न्यायचं, उघडतंय का ते ताडून बघायचं. मग पेट्या चालूच ठेवून नुसती जोडणी तोडायची आणि कुणी बोंब मारतंय का, याची वाट बघायची. पंधरवडाभर कुणी ओरडलं नाही, की डिस्क पुसून काढायच्या आणि कुणाच्या बापाला उघडता येणार नाहीत अशी त्यांना भोकं पाडायची.

कुणीच ओरडलं नाही. नको म्हणून मागे ठेवलेल्या ढिगात दादाच्या बातम्या होत्या. दादा म्हणजे काकांचा थोरला भाऊ, याच केंद्रावरचा वृत्तनिवेदक. पक्षाघातानं त्याची वाचा गेली, तेव्हापासून तो काकांच्या घरी. काका त्याला भरवत, अंग पुसत, कूस बदलत. सगळं वेळच्या वेळी. पण आतून माणूस पार बधिर झाला होता, वाईटसुद्धा वाटेनासं झालं होतं. एवढंच कळत होतं, की हा आवाज पुसला तर दादा कायमचा मुका होणार.

त्यांनी केंद्राच्या कार्यक्रमांचं काम बघणाऱ्या बाईंना विचारलं.

"न्या की काका! शिळ्या बातम्या कोण ऐकतंय?"

एका छोट्या डिस्कवर उतरवून काका ती घरी घेऊन आले. बायको म्हणाली, "आधी भाऊजींना विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचंय? खूश होईल तो."

दादाच्या खाटेशी कॉम्प्युटर ठेवून त्यांनी डिस्क लावली. खोलीत दादाचा आवाज घुमला, खणखणीत. दादानं अख्खं बातमीपत्र पापणी न हलवता ऐकलं. काका दुसरं लावायला गेले, तर दादानं चालता हात पुढे केला, डिस्क उपटली आणि धाकट्याच्या मुठीत कोंबली.

"दादा, अरे, हे एवढंच उरलंय. तिकडचं उद्या मी पुसणार आहे."

दादानं मान हलवली. नको. काकांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नको. मग दादा भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी काकांनी एकेक डिस्क पुसली, बाहेर काढली, तिचा नंबर ताडून बघितला आणि भोकं पाडली. सगळ्यात शेवटी ती छोटी डिस्क ड्रिलखाली धरली. तेवढ्यात बाई जिना उतरून आल्या.

"काय काका, ऐकवलंत का दादांना? काय म्हणाले?"

"नको म्हणाला," काका म्हणाले आणि त्यांनी ड्रिल चालू केलं.