वगळलेलं नाव

वाशीमच्या त्या वस्तीत ज्योत्स्नाताईंना नावानं कमी आणि ‘यादीवाली बाई’ म्हणून जास्त लोक ओळखतात. सकाळी अंगणवाडी, दुपारनंतर मतदार यादी. त्यांच्या भागात अकराशेच्या वर नावं. कोण लग्न होऊन गेली, कोण कामासाठी पुण्याला गेला, कोणाला अठरा पूर्ण झाली, सगळं त्यांना तोंडपाठ. चौदा वर्षांत एक तक्रार आली नव्हती, आणि त्याचा त्यांना थोडा ताठाही होता.

तो ताठा दोन हजार चोवीसच्या एप्रिलमध्ये उतरला.

लोकसभेचं मतदान होतं. ऊन चढायच्या आत मत देऊन मोकळं व्हावं म्हणून शाळेत सकाळीच रांग लागली होती. ज्योत्स्नाताई फाटकाजवळच्या टेबलावर यादी घेऊन बसल्या होत्या. शहाऐंशी वर्षांच्या लिलाबाई आतून परत आल्या. पांढरं लुगडं, हातात ओळखपत्र.

“बाई, आतला साहेब म्हन्ते तुमचं नाव नाही. पाह्य बरं जरा.”

ताईंनी पान उलटलं. नाव होतं, फोटोही होता. पण त्यावर आडवं छापलं होतं : वगळले.

त्यांना आठवलं. हिवाळ्यात घरोघरी फिरताना लिलाबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली होती, म्हातारी शेलूबाजारला लेकीकडे गेली, आता कायची वापस येते! पुन्हा एकदा जायला हवं होतं. पण अंगणवाडीचं काम तुंबलेलं, वरून याद्यांची घाई. ताईंनी बंद दारावर नोटीस चिकटवली आणि कागदावर ‘स्थलांतरित’ लिहून टाकलं. लिलाबाई मात्र डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेल्या होत्या आणि दोन महिन्यांत घरी परतल्या होत्या.

“मायं नाव कोनं काटलं?” लिलाबाईंनी विचारलं.

“वरूनच झालं असंल, आजी. कम्प्युटरची चूक.”

लिलाबाईंनी ताईंच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. “बरं,” म्हणाल्या, आणि फाटकाबाहेर पडल्या. त्यांच्यामागून येणारे लोक शाई लागलेलं बोट एकमेकांना दाखवत होते.

चार दिवस ज्योत्स्नाताईंना घास गोड लागला नाही. चूक कोणाच्याही हातून होते; पण तोंडावर खोटं बोललो, ते सलत होतं. पाचव्या दिवशी त्यांनी तहसीलमध्ये लेखी दिलं की पडताळणी नीट झाली नाही, चूक माझी आहे. बोलणी खाल्ली, नोटीस घेतली, आणि सहा नंबरचा फॉर्म घेऊन थेट लिलाबाईंचं घर गाठलं.

लिलाबाई दारात बसून हरभरा निवडत होत्या.

“आजी, तुमचं नाव मीच काटलं. कम्प्युटरनं नाही.”

“मले तवाच समजलं होतं,” सुपातली नजर न काढता लिलाबाई म्हणाल्या. “तू कवा येतं, याची वाट पाहून राह्यली होती. बस.”

फॉर्म नव्या मतदाराचा होता. हे कळल्यावर लिलाबाईंना हसू आवरेना. “म्हन्जे मी आता अठरा वर्साची का?” ताईही हसल्या, आणि मग लिहिता लिहिता विचारलं, “आजी, पयलं मत कवा दिलं होतं?”

“बासष्ट साली. तवा आमी किन्हीराजा गावाले राहत होतो. बौद्ध होऊन पाच-सहा वर्सं झाली असतीन. ज्याच्या वावरात मी तण निंदाले जाओ, तो मालक रांगेत मायामागं येऊन उभा राह्यला. त्याच्या मानसानं मले म्हटलं, बाजूले हो. आतल्या साहेबानं आयकलं. म्हने, नंबरानं या. मालक मायामागं उभा राह्यला, पोरी. मी हळूहळू शिक्का मारला.”

पुढं नवऱ्यासोबत वाशीमला आल्या, बांधकामावर विटा वाहिल्या. शिक्का जाऊन मशीन आलं, पण लिलाबाईंनी एक निवडणूक सोडली नाही. त्यांचे यजमान जानराव दर वेळी कोणाला मत द्यायचं ते बजावून सांगत. “मी हो म्हनो, अन् मनाले येईन तिथं मारो. ते गेले त्याच्या चवथ्या दिवशी मतदान होतं. लोकं बोलले. तरी मी गेली.”

“अन् तुमचा मानूस निवडून यायचा का?”

“लय कमी खेपा,” लिलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सुपाला एक झटका दिला.

पावसाळा सरता सरता नवं ओळखपत्र आलं. नोव्हेंबरात विधानसभा होती. पंच्याऐंशीच्या वरच्यांचं मत घरी येऊन घेतात, तो अर्ज ताईंनी आणला. लिलाबाईंनी तो तसाच परत केला.

“जेथून मले वापस धाडलं, तेथंच जाईन.”

मतदानाच्या दिवशी ताईंनी ऑटो पाठवला, तर लिलाबाई आधीच पायी निघालेल्या. आतल्या अधिकाऱ्यानं अनुक्रमांक वाचला, नाव मोठ्यानं उच्चारलं. मशीनचा आवाज बाहेर दारापर्यंत आला. बोटावरची शाई वाळेपर्यंत लिलाबाई पायरीवर बसून राहिल्या, आणि ताईंनी त्यांना आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

निकालाच्या दिवशी दुपारी ज्योत्स्नाताई मुद्दाम त्यांच्या घरावरून गेल्या. गल्लीत गुलाल उडत होता. लिलाबाईंनी हाक मारली आणि एका हरलेल्या उमेदवाराचं नाव घेऊन विचारलं, त्याला किती मतं पडली? ताईंनी मोबाइलवर आकडा पाहून सांगितला.

“येवढी?” लिलाबाई खूश झाल्या. “मले वाटलं होतं, आमी दोघं-चौघंच असू.”