टकटक मॅडम आणि जमिनीखालची गाडी

टकटक मॅडमना कुठलीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय तिच्यापासून हलता येत नसे. पुसदच्या आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या शिक्षिका म्हणून त्या रुजू झाल्या, तेव्हा सही करण्याआधी त्यांनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर बोटाच्या पेरानं टकटक केली आणि वाकून कान लावला. "आतून पोकळ आहे," त्या म्हणाल्या. मुख्याध्यापकांना तो टोमणा वाटला. संध्याकाळपर्यंत पोरांनी नाव ठेवून टाकलं होतं, आणि आठवडाभरात आम्ही शिक्षकही त्यांना, अर्थात त्यांच्या पाठीमागे, त्याच नावानं ओळखू लागलो.

मी मराठी शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची खिडकीजवळ होती आणि शेजारची त्यांची. पण त्या खुर्चीवर मी त्यांना फारशी बसलेली पाहिलीच नाही. डबासुद्धा उभ्यानंच खायच्या, एक घास इथं, एक दाराशी. मी एकदा म्हटलं, "अहो, बसा की जरा. अन्न तरी अंगी लागेल." त्या म्हणाल्या, "एका जागी बसलं ना बाई, की कान बसतात." आणि घास तोंडात तसाच ठेवून व्हरांड्यात गेल्या, कारण पाण्याच्या टाकीत पहिलं पाणी पडायला लागलं होतं आणि तो आवाज त्यांना चुकवायचा नव्हता.

त्या जवळच्याच एका बंजारा तांड्यावरच्या. लग्न ठरत असताना ते नाकारून नोकरीसाठी दिल्लीला निघून गेल्या होत्या. तिथं रोज सकाळ-संध्याकाळ जमिनीखालून धावणाऱ्या मेट्रोनं त्यांचा प्रवास. ओळखीचं कोणी नाही, भाषा तुटकी. मग वेळ घालवायला त्या मोबाइलवर आवाज टिपू लागल्या. गाडी दिसण्याआधी बोगद्यातून पुढे ढकलला जाणारा वारा, वळणावर रुळांची लांबलचक किंकाळी, दारं मिटतानाचा उसासा, सरकत्या जिन्यावरचे पाय. घरी येऊन ते आवाज त्या संगणकावर कापायच्या, ताणायच्या, एकावर एक बसवायच्या. हळूहळू त्यांना कळलं की जगात असं काम करणारी माणसं आहेत आणि त्याला कला म्हणतात. दिल्लीत एका छोट्या प्रदर्शनात त्यांची एक ध्वनिरचना वाजलीही होती. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'खाली'.

"खाली म्हणजे जमिनीच्या खाली?" मी विचारलं.

"तेही. तिकडे खाली म्हणजे रिकामंही," त्या म्हणाल्या आणि विषय बदलला.

वडील गेले, पुढे भाऊही कामासाठी पुण्याला गेला, घरात आई एकटी उरली, म्हणून त्या परत आल्या. पुसदमध्ये खोली घेतली. दर रविवारी तांड्यावर जायच्या आणि सोमवारी शाळेत आल्या की दिसेल ते वाजवत सुटायच्या. टेबल, खिडकीचे गज, माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण, काही सोडायच्या नाहीत. आई जेवू घालायची, डोक्याला तेल लावून द्यायची, पण दिल्लीबद्दल एक अक्षर विचारायची नाही. "त्या घरात दिल्ली हा शब्दच नाही बाई," त्या म्हणायच्या. "मी इतकी वर्षं कुठं होती, काय करत होती, कोणी विचारलंच नाही. जसं काही मी कुठं गेलीच नव्हती."

स्नेहसंमेलनात त्यांनी 'खाली' ऐकवायचं ठरवलं. मुख्याध्यापकांना वाटलं, काहीतरी समूहगान असेल. पटांगणात मांडव, पाहुणे पुढच्या सोफ्यांवर, मागे पोरांचे आईबाप. आवाज सुरू झाला. वारा, घरघर, पाय, किंकाळी. पोरं खिदळायला लागली. एका पालकानं कानात बोटं घातली. आणि मग अचानक सगळं बंद झालं. नुसती शांतता. स्पीकरवाला घाबरून उठला, वायरी हलवू लागला. पाहुण्यांनी विचारलं, "मशीन बिघडली काय?" मॅडम रंगमंचाच्या कडेवरून ओरडल्या, "बिघडली नाही, राहू द्या!" पण त्यानं तोवर बटण दाबलं होतं आणि पुढचं लावणीनृत्य सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, त्यात गाणं कुठं होतं?"

"नव्हतं सर."

"मग?"

त्या वळून बाहेर पडल्या. दिवसभर व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या. मला बघवेना. शाळा सुटल्यावर मी म्हटलं, "मला ऐकवा पूर्ण."

प्रयोगशाळेचे काळे पडदे ओढून त्यांनी चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवले. मी यवतमाळ-नागपूरच्या पलीकडे फारशी गेलेली नाही, भुयारी गाडी जन्मात पाहिलेली नाही. पण त्या अंधारात मला खरोखर वाटलं की माझ्या डोक्यावर माती आहे, घरं आहेत, आख्खं शहर आहे, आणि मी त्याखालून कुठंतरी ओढली जातेय. मग ती शांतता आली, अगदी चाकूनं कापल्यासारखी. बरीच लांब. मग पुन्हा गाडी, पण आता सगळं संथ, जड.

"मधे थांबवलंत का?" मी विचारलं.

"ते तसंच आहे," त्या म्हणाल्या आणि पडदे उघडायला लागल्या.

मी सहज बोलून गेले, "तुमच्या आईला ऐकवा ना हे. त्या विचारत नाहीत, तर तुम्ही सांगा. नाहीतरी तुम्हाला बोलून सांगता येत नाही." पडद्याची दोरी त्यांच्या हातातून सुटली. "याडीले?" म्हणाल्या. याडी म्हणजे आई. आठवडाभर त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत, आणि शनिवारी म्हणाल्या, "तुम्ही येता का संग? एकटीनं नाही होणार मले."

तांड्यावरच्या त्यांच्या घरात एका खोलीत वेचणीचा कापूस भरून ठेवला होता, छताला टेकेल इतका. मॅडमनी भिंतीवर टकटक केली आणि प्रथमच समाधानानं मान हलवली. कापसानं सगळा घुमारा पिऊन टाकला होता. याडी कापसाच्या कडेला टेकून बसल्या, डोक्यावर पदर, हातांत जाड पांढऱ्या बांगड्या. माझ्यासाठी म्हणून त्या वऱ्हाडीत बोलत होत्या. "काय गाणंगिणं हाय काय?"

"नाही याडी. मी जिथं राहत होती, तिथला आवाज हाय."

याडींचा चेहरा मिटला. पण उठल्या नाहीत. मॅडमनी सुरू केलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. बोटं दारावर वाजवायला उचलली आणि मुठीत आवळून धरली.

याडी डोळे मिटून ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "पायच पाय वाजून राह्यले. एवढे लोक हायेत, अन् बोलत काहून नाही कोणी?"

"कोणी कोणाले ओळखत नाही तिथं."

"तू बी नाही बोलत होतीस?"

"नाही."

मग ती शांतता आली. याडींनी डोळे उघडले. "बंद पडलं?"

"नाही."

"मंग इथं काय झालं?"

मॅडमचा आवाज मला ओळखू येईना. "इथं तुझा फोन आला होता याडी. बाबा गेले ते सांगाले. मी आवाज भरत होती मोबाइलवर. फोन आला की भरणं बंद होते. तू म्हणाली 'तुझा बाप', अन् गाडी बोगद्यात शिरली, रेंज गेली. पुढचं मले ऐकूच नाही आलं. पुढच्या स्टेशनवर पळत वर आली, फोन लावला, तर काकानं उचलला."

खोलीत गाडी पुन्हा सुरू झाली होती, ती संथ, जड गाडी. याडी उठून उभ्या राहिल्या.

"मले वाटलं, तूनं फोन कापला," त्या म्हणाल्या. "बाप मेला सांगतलं अन् पोरीनं फोन कापला. मी आजवर हेच धरून बसली होती."

"मले वाटे, मी निघून गेली म्हणून तू बोलत नाहीस."

"निघून गेल्याचं काय घेऊन बसलीस," याडी म्हणाल्या आणि पुढचं त्या त्यांच्या बोलीत बोलल्या. मला शब्द कळले नाहीत. मॅडम दाराला पाठ घासत खाली बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले.

परत निघताना याडी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मले ते गाडी पाह्यची हाय. इले सांगा, मले ने म्हणा."

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघी निघाल्या. मी त्यांना पोचवायला पुसदच्या बसस्थानकावर गेले होते. याडींच्या मांडीवर भाकरींचं गाठोडं, आणि मॅडम बसच्या पत्र्यावर टकटक करत बाहेरच उभ्या. कंडक्टर ओरडला, "ओ मॅडम, चढा ना आता, गाडीले दरवाजा हाय, वाजवून काय विचारता!" त्या हसल्या, मला घट्ट मिठी मारली आणि चढल्या. त्या परत येणार नाहीत, हे मला त्या मिठीतच कळलं. तसंच झालं. तिकडे आवाजाचं काम करणाऱ्या एका गटात त्यांना जागा मिळाली. सुट्टी संपता संपता याडी पुण्याच्या मुलाबरोबर परत आल्या, आणि शाळेत कार्यानुभवाला नवे सर आले, शांत स्वभावाचे.

मधे एकदा मॅडमनी मला उन्हाळ्यात टिपलेला एक आवाज पाठवला. मी मधल्या सुट्टीत खिडकीशी बसून ऐकला. तोच वारा, तीच घरघर, तेच पाय. आणि त्यात याडींचा खणखणीत आवाज, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असा: "काय गा बाबू, कोन्या गावचा तू? जेवला का?" कोणीतरी खुदकन हसलं. एक पुरुष अदबीनं म्हणाला, "माँजी, बिहार से." याडींनी लगेच दुसरीकडे मोर्चा वळवला. "अन् तू वो पोरी?"

मग एका तरुण मुलीचा आवाज आला, दबका, विश्वास न बसल्यासारखा: "आजी... मी आपल्या यवतमाळकडची, दारव्ह्याची हाय."

आणि आवाज संपला.

मी लगेच फोन लावला. "अहो, पुढचं कुठंय? तुटलं मधेच."

"तुटलं नाही, मीच बंद केलं बाई," टकटक मॅडम म्हणाल्या. "ते पोरगी रोज त्याच डब्यात असते म्हणे. तिघी बोलतच राह्यलो. उतराचं स्टेशन कवा निघून गेलं, कळलंच नाही."