भाजलेला माचा

मी निपाणी सोडली त्या सकाळी आई माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. रुसली होती म्हणून नव्हे, तिच्या तोंडात मिश्री होती म्हणून. बंगळूरची बस लागली, मी बॅग वर चढवली, खिडकीशी बसले. पुढच्या खिडकीतल्या मुलीची आई पदराने डोळे पुसत 'वेळेवर जेव, पोचल्यावर फोन कर' असं पुन्हापुन्हा बजावत होती. माझी आई खालचा ओठ फुगवून नुसती 'हूं, हूं' करत मान हलवत होती. शेवटी थुंकायला ती खांबामागे गेली आणि तेवढ्यात बस सुटली. तवंदी घाट येईपर्यंत मी रडले, पण दुःखाने कमी आणि संतापाने जास्त. मुलगी घर सोडून चाललीय, आणि या बाईला पंधरा मिनिटं कळ काढवत नाही!

हे वाचणाऱ्या तुम्हा निपाणीकरांपैकी जे गावातच राहिले त्यांना मिश्री काय ते सांगायला नको. पण जे माझ्यासारखे बाहेर पडले आणि ज्यांच्या मुलांना हे कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, चाळायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळत बसायची. आई तीस वर्षं वखारीत तंबाखू चाळायला होती. तिथल्या सगळ्याच बायका मिश्री लावायच्या. भूक मरते, असं म्हणायच्या, आणि तेव्हा भूक मेलेली सोयीची होती. त्या चाळण्यावर मी इंजिनिअर झाले, हे मला मान्य आहे. वखार सुटून आता बरीच वर्षं झाली, माझे वडील, आप्पाही गेले, माझ्या पगारातून घरावर स्लॅब आला, पण सकाळी सातला उंबऱ्यावर बसून डबी उघडणं काही सुटलं नाही.

मला दूध पचत नाही हे मला बंगळूरला कळलं. लहानपणभर पोटात गुडगुडायचं ते परीक्षेच्या भीतीने, असा आमचा समज होता. मी दूध बंद केलं हे आईला सांगितलं तेव्हा तिने मला फोनवर तेच दोनदा पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "सुजाता नाव ठिवलं तुझं. बुद्धाला खीर दिलेल्या बाईचं. आनि तुला दूध चालत न्हाय व्हय?" आमच्या घरात दूध उशिरा आलं. आलं तेव्हा पेला माझ्या हातात आला, आणि आई कोराच चहा पीत राहिली. त्यामुळे ती गंमत करत नव्हती, हे मला समजत होतं. पण पोटाला हे कोण समजावणार?

दुधाच्या जागी सोया आलं, ओट आलं, आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीमुळे माचा आला. जपानी हिरव्या चहाच्या पानांची ही अगदी वस्त्रगाळ पूड. ती चाळायची, उकळत्या नव्हे पण चांगल्या गरम पाण्यात बांबूच्या छोट्या घुसळणीने फेस येईपर्यंत फेटायची, ग्लासभर बर्फावर गार सोया दूध ओतायचं आणि वरून ती हिरवी धार सोडायची. सकाळी सातला हे झालं नाही तर माझा दिवस उगवत नाही. ग्लास संपेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही, हे माझ्या रूममेटने सोसून सोसून शिकून घेतलंय.

या उन्हाळ्यात आईच्या गालाच्या आत पांढरा डाग दिसला. मी सुट्टी काढून तिला बेळगावला नेलं. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि नंतर सांगितलं की अजून काही वाईट नाही, पण मिश्री आजपासून बंद. बंद केली तर डाग जाईलही, चालू ठेवली तर काही सांगता येत नाही. आईने शहाण्यासारखी मान डोलावली. घरी आली, उंबऱ्यावर बसली आणि डबी उघडली.

मग मी बंगळूरहून रोज फोन करायला लागले. सोडलीस? सोडली. खरं? "व्हय गं बाई, किती इचारशील?" हे बोलतानाच तिचा ओठ जड लागायचा. मी तिचीच मुलगी, मला कळत नाही होय?

शेवटी तीन आठवडे घरून काम मागून घेतलं आणि लॅपटॉप, घुसळणी, माचाचा डबा घेऊन निपाणीला आले. तयार सोया दूध कुठे मिळेना, म्हणून सोयाबीन आणलं, भिजवलं, मिक्सरला वाटलं, फडक्यातून पिळलं, उकळलं. अर्धा ओटा आणि माझे दोन्ही हात चिकट. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. "लोक ह्याची पेंड म्हशीला घालत्यात," ती म्हणाली. "म्हस तरी बदल्यात दूध देती." मी ते कानाआड केलं.

तिसऱ्या सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर घरभर जळक्या गवतासारखा वास. आई गॅसपाशी उभी राहून तव्यावर उलथन्याने काहीतरी परतत होती. माझा माचा. अख्खा डबा.

"कच्चीच हुती गं," ती म्हणाली. "हिरवीगार. दुकानदारानं फशीवलं तुला. म्हनलं भाजून, चाळून ठिवावी." आणि खरंच, चाळायला तिने मलमलचं धुतलेलं फडकंसुद्धा काढून ठेवलं होतं. तव्यात तपकिरी राख झाली होती आणि ती मोठ्या मायेने ती खालवर करत होती.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. जिच्या कष्टावर आपण शिकलो तिला जे बोलू नये ते सगळं बोलले. मग डोकं धरून खाली बसले. आईने गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. "सुजे, कानशिलं ठणकायल्यात न्हवं? म्होरचं मानूस नगं वाटतंय?" मी म्हटलं, हो. "मला बी आसंच हुतं," ती म्हणाली.

दुपारी मी नवा डबा ऑनलाइन मागवला. चार दिवसांत येईल असं ॲप म्हणत होतं. आईला हे कळल्यावर तिने आपली डबी आणून माझ्या हातात ठेवली. "तुझा डबा येइस्तवर मी बी लावत न्हाय. बघू कोन टिकतंय. त्यो आला की माझी मला परत दे."

चार दिवसांचे सात झाले. पार्सल बेळगावात आहे, पार्सल चिकोडीत आहे, पार्सल पुन्हा बेळगावात आहे. पहिले दोन दिवस मी त्या ॲपला मनसोक्त शिव्या घातल्या. घरात आम्ही दोघी एकमेकींवर गुरगुरत होतो. भाजीत मीठ जास्त, पंखा मोठा, पाणी कुणी सांडलं. आईला सकाळी सातला सगळ्यात जड जायचं. उंबऱ्यावर बसायची, नुसतंच बोट दातांवरून फिरवायची, उठून अंगण झाडायची, पुन्हा येऊन बसायची. एका सकाळी झाडलेलंच अंगण तिने तीनदा झाडलं. ते बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की मी आता मोबाईल वेगळ्याच कारणाने तपासतेय. आज येऊ नये, उद्याही येऊ नये. हरवावं ते पार्सल, पार कुठल्या कुठे जावं.

सातव्या दिवशी आलं. आईनेच दार उघडलं, उशीर केला म्हणून त्या माणसाला कन्नडमधून झापलं, खोकं माझ्यासमोर ठेवलं आणि हात पुढे केला. "माझी डबी."

मी म्हटलं, फोडलेलंच नाही तर आलं कसं? "आलं म्हंजे आलं." फोडल्याशिवाय नाही. कोर्टात भांडावं तसं तासभर भांडलो. शेवटी तीच पाय आपटत उठून गेली. उरलेले दिवस खोकं फ्रीजवर तसंच पडून राहिलं आणि कानशिलं दोघींचीही ठणकत राहिली. निघताना मी खोक्याबरोबर तिची डबीही बॅगेत टाकली खरी, पण निपाणीत तंबाखूला काय तोटा? कोपऱ्यावर दुकान आहे.

आणि आता खरं सांगते. बंगळूरला पोचल्यावर पहिल्याच सकाळी मी ते खोकं फोडलं. चाळलं, फेटलं, बर्फावर ओतलं. घोट घेणार तोच आईचा व्हिडिओ कॉल. सात वाजले होते. ग्लास लपवायला वेळच मिळाला नाही.

"फोडलास न्हवं?"

"फोडला."

मला वाटलं, संपलं आता सगळं. ती उंबऱ्यावर बसली होती, बोट दातांवर. पण तिचा आवाज भांडणाचा नव्हता. "मग मी काय करू ह्या वक्ताला? तोंड रिकामं ऱ्हातंय माझं." आईने कधी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "बोल माझ्याशी." "काय बोलू?" "काहीही बोल."

मोठी चूक केली. तेव्हापासून रोज सातला फोन. नळाला पाणी आलं नाही, समोरच्यांनी गटारावर पायरी बांधली, लग्नातला भात कच्चा होता, तू केस का कापलेस. मध्ये एक शब्द घालता येत नाही. माझा बर्फ विरघळतो, माचा तळाशी बसतो आणि पहिल्या मीटिंगला मी हिरवं पाणी पीत बसते. इतका वैताग येतो! पण फोन ठेवता येत नाही. ठेवला तर तिचा हात कुठे जाईल, ते मला माहीत आहे. डाग थोडा फिका झालाय म्हणते. पुढच्या महिन्यात डॉक्टर बघतील.

तुम्ही विचारता, घराची आठवण येते का. काय सांगू? स्लॅबचं घर तिकडे आहे, भाड्याचं इकडे आहे, आणि माझं घर आता सकाळी सात ते सव्वासात एवढंच उरलंय. त्यातही मला बोलायला मिळत नाही.

मागच्या आठवड्यात ऑफिसचा कॉल लवकर लागला आणि आईचे तीन फोन वाजून गेले. पावणेआठला मी फोन लावला. तिने उचलला, पण बोलली नाही. मग बोटाने ओठ खाली ओढला आणि फोन इतका जवळ नेला की स्क्रीनभर नुसती हिरडी दिसत होती. स्वच्छ होती.

"लावली न्हाय," ती म्हणाली. "पन उद्या उशीर करू नगंस."