ऐकू न येणारा स्ट्रायकर

वडगावच्या जोतिरामला गोल मारायचा भारी नाद. घरात यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. साडीचं काम उरकलं की संध्याकाळी हा फुटबॉलच्या मैदानात हजर. त्याच्या तोडीचा स्ट्रायकर अख्ख्या बेळगावात नाही, हे हरलेलेही कबूल करत. खोड एकच. चेंडू आपल्या गोलपाशी जाऊन पोचला तरी हा बाबा पुढंच उभा, मदतीला मागे यायचं नाव नाही. कोच आण्णाप्पा घसा बसेपर्यंत ओरडायचे, "मागं ये की रं!" जोतिराम नुसता कानाला हात लावायचा आणि सामना संपला की साळसूदपणे सांगायचा, "मागाच्या आवाजानं कान गेल्यात, आण्णा." अशानं दोनदा अंतिम सामना हातचा गेला. पुढं गुडघा दुखावला, खेळ सुटला; पण वडगावात एकदा तरी कप आणायचा, हे काही डोक्यातून जाईना.

म्हणून तो मुलींचा कोच झाला आणि त्याच्या अंगात थेट आण्णाप्पाच शिरले. इतका आरडाओरडा, की उपांत्य सामन्यात पंचांनी बजावलं, पुन्हा तोंड उघडलंस तर मैदानाबाहेर. जोतिराम डगमगला नाही. मागाच्या खडखडाटात माणसं हातानंच बोलतात, आणि त्याच्या पोरी बहुतेक विणकरांच्या घरातल्या. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला, असेल तिथनं मागावर या. ठरलं तर मग, कात्री दिसली की सगळ्यांनी बचावाला यायचं. प्रश्न होता तो स्ट्रायकर करिष्माचा. ती कंग्राळीच्या शेतकऱ्याची लेक. तिच्याकडून त्यानं सगळ्या खुणा घोटून घेतल्या.

अंतिम सामना संपत आला तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती. समोरच्या पोरी झाडून सगळ्या चाल करून आल्या. जोतिरामनं कात्री केली. त्याच्या पोरी झपाझप मागे आल्या. करिष्मा मात्र मधल्या रेषेवर कमरेवर हात ठेवून उभी. त्यानं दोन्ही हातांनी कात्र्या केल्या. तिनं त्या पाहिल्या आणि मान दुसरीकडे फिरवली. हाही कप गेला म्हणायचा! तेवढ्यात त्याच्या गोलकीपरनं चेंडू अडवला आणि लांब भिरकावला, तो नेमका करिष्माच्या पुढ्यात पडला. पुढं समोरच्यांच्या गोलकीपरशिवाय चिटपाखरू नव्हतं. पोरगी सुसाट सुटली आणि तिनं चेंडू जाळ्यात घातला.

शिट्टी वाजली, पोरी कप डोक्यावर घेऊन नाचायला लागल्या. जोतिरामनं करिष्माला बाजूला घेतलं.

"कात्री दिसली न्हाय व्हय गं?"

"ऊन डोळ्यावर आलतं, सर."

ऊन तिच्या पाठीवर होतं. चांगलं झापावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण त्याला हसूच फुटलं. इतका आनंद त्याला स्वतःच्या कुठल्याच गोलानं झाला नव्हता.

गर्दीतून काठी टेकत म्हातारे आण्णाप्पा आले. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"जोत्या, आता तरी खरं सांग. तवा माझी हाक तुला ऐकू यायची न्हवं?"

जोतिराम वाकून पाया पडला, बाहीनं डोळे पुसले आणि कानाला हात लावून म्हणाला, "काय म्हणालासा, आण्णा?"