साडूंची पिवळी पडलेली अंबाडी

समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून न बघता निव्वळ कुंडीचा मालक म्हणून बघणारा असा एकच इसम या पृथ्वीतलावर आहे, आणि माझं दुर्दैव असं की तो माझा साडू लागतो. मी आजारी असताना भेटायला आले, ते थेट खिडकीतल्या मनीप्लँटपाशी गेले. त्याचं पान उलटं करून बघितलं, चुकचुकले आणि मला म्हणाले, "कधीपासून असं आहे?" मी तापाबद्दल सांगायला लागलो, तर म्हणतात, "तुमचं नाही हो, याचं!" आमच्या सत्यनारायणाला तर कहर झाला. गुरुजी कलावतीच्या नवऱ्याला बुडवण्याच्या बेतात असताना हे गृहस्थ चौरंगाला बांधलेल्या केळीच्या पानाची कड चाचपत म्हणाले, "पालाश कमी पडलंय." गुरुजी थांबले, कथा थांबली आणि माझी बायको माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू काही साडू मी निवडून आणले होते!

इथे आखातात, रास अल खैमाच्या एका कारखान्यात ते फरशा तपासतात. दिवसभर फरशीवरचा केसाएवढा तडा शोधायचा आणि संध्याकाळी अजमानला येऊन लोकांच्या झाडांचे दोष काढायचे, हा यांचा जन्मभराचा धंदा. खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी, वरची कोवळी पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी, आणि सगळंच पिवळं पडलं तर मालक मूर्ख, असं त्यांचं शास्त्र आहे. स्वतःच्या घरी मात्र एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत साठवून तेच झाडांना घालणार. "याच्याएवढं शुद्ध पाणी नाही," म्हणे. अहो, शुद्ध म्हणजे त्यात काहीच नाही! झाडाने खायचं काय? पण हे त्यांना सांगायचं कोणी? पाहुण्यांची खोली त्यांनी झाडांना देऊन टाकली आहे. तिथे उन्हाऐवजी झाडं वाढवणारा जांभळा दिवा सतत जळत असतो आणि रस्त्यावरून ती खिडकी बघितली की आत काहीतरी भलतंच चाललंय असं कुणालाही वाटावं.

मामंजी गेल्यावर सासूबाईंना परभणीहून या साडूंकडे आणलं. त्यांचं जेवणावरचं मनच उडालं होतं. दोन घास चिवडायच्या आणि ताट सरकवायच्या. डॉक्टर झाले, टॉनिकं झाली. माझी मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडायची. एकदा सासूबाई नुसतं एवढंच म्हणाल्या, "अंबाडीची भाजी असती तर खाल्ली असती घासभर." मेहुणीने त्याच दिवशी सुपरमार्केटमधून लाल देठाच्या अंबाडीची जुडी आणली. साडू भडकले. "ही आपली नव्हे! आईंना काय फसवायचंय?" मग परभणीहून येणाऱ्या एकाच्या सामानातून बी मागवलं आणि जांभळ्या दिव्याखाली अंबाडी पेरली.

उगवली छान. हाताच्या बोटांसारखी कातरलेली पानंही आली. आणि मग ती पिवळी पडायला लागली.

त्या दिवसांत या माणसाने आम्हाला नको नको करून सोडलं. मातीत गंजके खिळे खोचले, डाळ धुतलेलं पाणी घातलं, ताक घातलं, तेही सगळं एकाच आठवड्यात. तरी पानं पिवळीच. शेवटी लेकीच्या फोनमधल्या झाडं ओळखणाऱ्या अॅपला पान दाखवलं. अॅपने सांगितलं, हा गांजा आहे, आणि घरात वाढवलेल्या गांजाची पानं पिवळी का पडतात यावर लांबलचक प्रवचन दिलं. शहाण्या माणसाने तिथेच फोन बंद केला असता. यांचं म्हणणं, "नाव चुकलं असेल, पण लक्षणं अगदी बरोबर सांगतोय!" आणि आणखी कुणाला अनुभव असावा म्हणून त्यांनी पानाचा फोटो अॅपच्या उत्तरासकट बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. या देशात! लेक ओरडली, "पपा, आर यू मॅड?"

पहिलं उत्तर वरच्या मजल्यावरून आलं: "हबीबी, ये क्या उगा रहे हो? डिलीट करो, यल्ला!" मेहुणीचा फोन येताच मी धावत गेलो. माझ्या डोळ्यांसमोर पोलीस, तुरुंग आणि परतीचं विमान दिसत होतं. साडू मात्र संतापले होते, आणि तेही अंबाडीच्या अपमानाबद्दल! "बिल्डिंगभर फिरून एकेकाला पान चावायला लावतो. आंबट लागलं की कळेल!"

"अहो, आधी ती झाडं उपटा!" मी ओरडलो.

"निदान झाल्याशिवाय नाही!"

"निदान तुरुंगात करा!"

मेहुणीने विळी घेतली, त्या खोलीत गेली आणि सगळी अंबाडी कापून आणली. "खलास," ती म्हणाली. "आता भाजीच करते." साडूंनी गुपचूप ग्रुपवरचा फोटो काढला आणि खाली बसून एकेक पान निवडायला घेतलं. पिवळं पान टाकताना त्यांचा हात जड होत होता, ते मला बघवेना.

सगळी मिळून जेमतेम दोन वाट्या भाजी झाली. कण्या घातलेली, वर लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी. साडू सासूबाईंच्या समोर मांडी घालून बसले आणि फरशी तपासावी तसे त्यांचा चेहरा निरखू लागले. सासूबाईंनी पहिला घास घेतला, सावकाश चावला, दुसरा घेतला. मग वाटी पुढे केली. "अजून वाढ गं." हे शब्द मामंजी गेल्यापासून सासूबाईंच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. साडू काहीतरी निमित्त काढून उठले आणि त्या रिकाम्या कुंड्यांच्या खोलीत बराच वेळ राहिले.

हात धुताना सासूबाईंनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"आंबट नव्हती हो अजिबात," त्या हळूच म्हणाल्या. "पाला उकडल्यासारखी लागली. पण किती आशेने बघत होते ते माझ्याकडे. उद्यापासून जेवत जाईन मी नीट. तुम्ही काही बोलू नका त्यांना."

मी अजून बोललेलो नाही.