मला दोनदा तोललं तेव्हा

मधल्या सुट्टीत मुलांनी काय खावं, यावर आमच्या निघोज्याच्या शाळेत पन्नासच्या दशकात एक शास्त्रीय प्रयोग झाला. प्रयोगाचा विषय मी होते. निवड सोपी होती. आरोग्य खात्याचे एक साहेब आले, त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्या मानेवर थांबली. तेवढी बारीक मान वर्गात दुसऱ्या कुणाची नव्हती.

साहेबांनी आधी पाऊण तास भाषण केलं. समोर बसलेल्यांत सर्वांत मोठा श्रोता अकरा वर्षांचा होता. मुलं सुट्टीत जे अरबटचरबट खातात त्याची त्यांनी यादी वाचली: भाजक्या शेंगा, गूळ, बोरं, हुरडा, ओला हरभरा. यादी इतकी बिनचूक होती की आम्हाला भूक लागली. या सगळ्यावर उपाय म्हणून त्यांनी दुधाच्या भुकटीचा एक डबा आणला होता. महिनाभर मला सुट्टीत फक्त हे दूध, दुसरं काही नाही. सुरुवातीला आणि शेवटी माझं वजन करायचं. वजन वाढलं की हीच पद्धत कायमची, आमच्याकडे आणि आसपासच्या सगळ्या शाळांत.

शाळेत वजनाचा काटा नव्हता. चाकणच्या बाजारात कांदा तोलणारा मापाडी आमच्या गावचा. त्याने आपला तराजू आणला, तीन वासे बांधून शाळेपुढे टांगला, मला एका पारड्यात मांडी घालून बसवलं आणि दुसऱ्यात मापं टाकायला लागला. "लाभ, दोन, तीन..." बाजारात माल मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मुलीसाठी वेगळं काही म्हणायचं असतं, असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"बावीस शेर," त्याने जाहीर केलं. साहेबांनी ते वहीत लिहिलं, मला ओट्यावर उभं केलं आणि जमलेल्या गावाला सांगितलं, "हा पाहा निकृष्ट आहाराचा नमुना."

तिथेच त्यांचं चुकलं. संध्याकाळी पाणवठ्यावर माझी चुलती बायकांना म्हणाली, "निकृष्ट म्हणजी काय, ते गुरुजींना इचारून आले मी. आपण पोरीला काय बी घालत न्हाई, आसा त्याचा अर्थ हाय."

दुसऱ्या दिवसापासून मी रस्त्याने सरळ चालत गेले नाही. प्रत्येक दारातून एक हात यायचा आणि मला आत ओढायचा. एका घरी शेंगदाणे आणि गूळ, पुढच्या घरी बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा, त्यापुढे तिळाची वडी. ओंजळ भरली की परकराचा ओचा भरायचा. "खा गं. आन तुझ्या सायबाला सांग, आमच्या दारची हाय म्हणून."

वर्गाचं धोरण नेमकं उलटं होतं. माझं वजन वाढलं तर बोरं कायमची बंद, हे सगळ्यांना कळलं होतं. वर्गातली सर्वांत थोराड मुलगी माझी मैत्रीण. तिने मला पळवायचं ठरवलं. शाळा सुटली की नदीच्या बांधापर्यंत आणि परत.

"मी दमले गं."

"दमलीस म्हंजी उतरतंय. पळ."

"पोटात दुखतंय."

"कुठं खाल्लंस?"

"तुझ्याच आईनं घातलं."

यावर तिने थोडा विचार केला आणि मला एक फेरी वाढवून दिली. पळून मला भूक लागायची, भूक लागली की मी परत त्याच दारांवरून जायची. महिन्यात मी इतकं कधी खाल्लं नव्हतं, इतकी पळाले नव्हते आणि इतकी हसलेही नव्हते. शेवटी शेवटी वर्गातली निम्मी मुलं माझ्या मागे पळायची, कारण वाटेतल्या दारांत आता त्यांनाही ओढून घेत होते.

दूधही चालू होतं. त्यात गुठळ्या असायच्या आणि चव ओल्या खडूची. मी दोन घोट घेऊन उरलेलं शाळेमागच्या शेळीपुढे ठेवलं. शेळीने वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच खजील झाले. मग ते बाभळीच्या बुंध्याशी जाऊ लागलं.

महिना संपला. साहेब या वेळी हार घेऊनच आले होते. तो आपल्याला कोण घालणार, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मी पारड्यात बसले. मैत्रीण पुढच्या रांगेत डोळे मिटून उभी. मापं पडली.

मापाड्याने तोंड उघडलं, तसे साहेब म्हणाले, "आज नीट सांगा. लाभ-बिभ, बाजारची रीत काही नको. जे असेल ते."

"पंचवीस शेर."

साहेबांनी टाळी वाजवली. तीन शेर. पुन्हा भाषण सुरू झालं. मैत्रिणीने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. मापाडी मात्र खांद्यावरचा टॉवेल सारखा करत तिथेच उभा राहिला.

"सायेब, त्यातलं दोन शेर मागल्या खेपेचं हायेत."

"म्हणजे?"

"मागं मी बारदान वजा केलं व्हतं. पोत्याचं, मातीचं दोन शेर आमी काढतोच. आज तुमी नगं म्हणला, म्हून काढलं न्हाई."

"ही मुलगी आहे, पोतं नाही."

"व्हय. पण तराजू तोच हाय."

साहेबांनी वहीतले बावीस खोडून चोवीस केले. उरला एक शेर. त्या एका शेरावरून बायकांत जुंपली. एक म्हणाली, तो तिच्या शेंगांचा. दुसरी म्हणाली, लोण्याशिवाय अंगाला काही लागत नाही. तिसरीने तिळाच्या वड्यांचा हिशेब बोटांवर घातला. साहेब ऐकत राहिले, आणि माझ्या महिन्याच्या खाण्याची संपूर्ण माहिती त्यांना सरकारी खर्चाशिवाय मिळाली.

"आणि दूध?" त्यांनी मला विचारलं.

खोटं बोलावं इतकी मी मोठी नव्हते. "बाभळीला," मी म्हणाले.

सगळ्यांनी बाभळीकडे पाहिलं. बाभूळ काही विशेष वाढलेली दिसत नव्हती.

साहेब गुरुजींकडे वळले. "तुमच्या देखत मुलं बाहेरचं खात होती?"

"शाळेत नाही, साहेब," गुरुजी म्हणाले. "रस्त्यात. रस्ता माझ्याकडे नाही."

साहेबांनी रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्या चुलतीने पुढे केलेला शेंगदाण्याचा लाडू त्यांनी नाकारायच्या बेताने हातात घेतला, आणि हातात घेतलेला लाडू परत देणं त्यांना जमलं नाही. दुसरा त्यांनी स्वतः मागितला. खाताना त्यांनी वहीत लिहिलं, 'पुढील हुकूम येईपर्यंत पूर्ववत.' गुरुजींनी ते आम्हाला वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं आणि पूर्ववत म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून दिलं: बोरं, शेंगा, गूळ, हुरडा, हरभरा. लिहिता लिहिता घंटा झाली, तेव्हा वर्गात ते एकटेच उरले होते.