चपलेचा इलाज

अठ्ठावन्न साली मी सातवीत होते. घाटंजीजवळच्या आमच्या गावात सातवीपर्यंत पोचलेली मी एकटीच मुलगी. शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले आणि त्यांनी नेमकं मलाच फळ्यापाशी बोलावलं. उठता उठता जांभया सुरू झाल्या, एकीमागून एक. वर्गाला वाटलं, मी माज करते आहे. मग ओठ बधिर झाले, हातांना मुंग्या आल्या आणि चिमूटभर मीठ घ्यावं तशी पाचही बोटं एकत्र येऊन ताठरली. खडू धरवेना.

"मिरगी आहे पोरीले!" शिपाई ओरडला आणि पायातली चप्पल काढून त्यानं माझ्या नाकाला लावली. आमच्याकडे मिरगीवर हाच इलाज, चामड्याचा वास. अहो, मी शुद्धीवर होते! सगळं ऐकत होते, बघत होते. पण ओठच हलेनात, तर सांगणार कशी? थोड्या वेळानं बोटं आपोआप सुटली आणि श्रेय चपलेला गेलं. घाबरून श्वास भराभर चालला की असं होतं, हे कित्येक वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंकडून कळलं.

बाबा गावचे तलाठी, घरात त्यांचा शब्द शेवटचा. "मिरगीवाल्या पोरीले कायची शाया? उद्या विहिरीत पडली त?" परीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि मी घरी बसले. शाळेचा विषय निघाला की बोटं पुन्हा वळायची आणि आई दारातली चप्पल घेऊन धावायची. सहा वेळा हुंगली मी ती. आजही लिहिताना अंगाचा तिळपापड होतो.

वर्ष असंच गेलं. मग बाबांचं दप्तर तपासायला यवतमाळहून मोठे साहेब यायचे होते. त्या सकाळी कोट घालता घालता बाबा जांभया देऊ लागले. मग ओठ चाचपू लागले. मग गुंडी लावणारी बोटं तशीच चिमटीत अडकली. अगदी माझीच बोटं! घरात एकच धावाधाव. काकांनी गादी घातली, आईनं साखरपाणी केलं. "किती दगदग होते ह्यांयले," म्हणाली. मिरगीचं नाव कुणी काढेना.

माझं डोकं फिरलं. मी दारातली चप्पल उचलली आणि बाबांच्या नाकाशी धरली.

"बापाले चप्पल लावते काय, कार्टे!" आई किंचाळली. काका मारायला धावले. बाबांनी तो वाकडा हात वर करून त्यांना थांबवलं.

"यानं काई होत नाई," ते अडखळत म्हणाले.

"मले ठाव हाय," मी म्हणाले. "म्या सहा डाव हुंगली."

शाळा उघडली तेव्हा ते स्वतः मला घेऊन गेले. हेडमास्तरांना म्हणाले, "पोरगी बरी झाली आता."

बरी झाली म्हणे! मला काय होत होतं ते त्यांना आता पुरतं ठाऊक होतं. तेच स्वतःला झालं, हे मात्र तिथं त्यांच्या तोंडून निघालं नाही. वर्ष माझं गेलं, आणि मिरगीही माझ्याच नावावर राहिली.